पाय सुजला नाही, मग गोळी कशाला?

हत्तीपायाच्या गोळ्यांची मोहीम जवळ आली की नागपुरात मोबाइलवर एक मजकूर फिरू लागतो. ज्याचा पाय सुजला असेल त्यानेच गोळ्या घ्याव्यात, निरोगी माणसाला त्या बाधतात, आयव्हरमेक्टिन हे गुरांचे औषध आहे आणि इतकी वर्षे गोळ्या वाटूनही रोग गेलेला नाही, असे त्यात म्हटलेले असते.

यातला पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे. सूज ही रोगाची सुरुवात नव्हे. लसिकावाहिन्यांना, म्हणजे ऊतींमधला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांना, वर्षानुवर्षे होत आलेल्या इजेची ती उशिरा दिसणारी खूण आहे. या रोगाच्या जंताची सूक्ष्म पिल्ले रात्री रक्तात येतात आणि घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो, म्हणूनच रक्ताचे नमुने घेणारे पथक रात्री साडेआठनंतर दार ठोठावते. बोटातून घेतलेला ताजा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की तांबड्या पेशींना ढुशा देत वळवळणारा बारीक धागा दिसतो आणि तो थेंब बहुधा अशा माणसाचा असतो, ज्याला कसलीही तक्रार नसते. उलट, पाय पुरता सुजलेल्या रुग्णाच्या रक्तात ही पिल्ले बहुतेकदा सापडतच नाहीत. तेव्हा केवळ सुजलेल्यांनाच गोळ्या दिल्या, तर डासांना संसर्ग पुरवणारी माणसे नेमकी वगळली जातील.

गोळीनंतर काहींना ताप किंवा चक्कर येते, हे खरे आहे. बहुतेक वेळा तो त्रास रक्तातली पिल्ले मरू लागल्यामुळे होतो आणि एक-दोन दिवसांत ओसरतो. गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालील मुले आणि गंभीर आजारी यांना या गोळ्या दिल्याच जात नाहीत.

आयव्हरमेक्टिन आधी जनावरांसाठी आले, हेही खरे; पण 1987 पासून ते माणसांनाही दिले जाते आणि त्याच्या शोधासाठी 2015 चे नोबेल मिळाले.

राहिला शेवटचा मुद्दा. पूर्ण वाढलेला जंत शरीरात चार-सहा वर्षे जगतो आणि डीईसी व अल्बेंडाझोल या जुन्या दोन औषधांनी तो सहजी हटत नाही. पापुआ न्यू गिनीतील 2018 च्या अभ्यासात या दोन्हींना आयव्हरमेक्टिनची जोड दिलेल्या तीन औषधांच्या एकाच मात्रेनंतर वर्षभराने 96 टक्के लोकांचे रक्त पिल्लांपासून मुक्त आढळले, तर दोन औषधांच्या एका मात्रेनंतर हे प्रमाण 32 टक्के होते. ही तिहेरी मात्रा देशात ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी आली, त्यांत 2019 साली नागपूरही होते. मात्र ‘जेवल्यावर घेतो’ म्हणून कपाटावर ठेवून दिलेली गोळी यातले काहीच करू शकत नाही, आणि म्हणूनच ती कर्मचाऱ्यासमोरच गिळण्याचा आग्रह धरला जातो.