सबस्क्राइब करून पसार!

स्ट्रीमला, म्हणजे सतत येणाऱ्या अपडेट्सच्या प्रवाहाला, सबस्क्राइब करायला ॲप लिहिणारे सगळे पुढे, ते डिस्पोज, म्हणजे बंद, कोणी करायचं? स्क्रीन बंद होऊन युगं लोटली, तरी लोकेशनची स्ट्रीम चालूच, वर त्या मेलेल्या स्क्रीनला मेमरीत कवटाळून बसलेली. आणि हे विचारणार, 'ॲप जड का झालं?' का बरं झालं असेल! स्ट्रीम हाताळणाऱ्या लायब्ररींत सगळी सबस्क्रिप्शन एकदम बंद करायची सोय असते, आरएक्सस्विफ्टमध्ये डिस्पोजबॅग, आरएक्सजावात कॉम्पोझिटडिस्पोजेबल, ते काय शोभेला ठेवलंय? काही महाभाग तर ऑनरिझ्यूममध्ये (स्क्रीन समोर आली की चालणारा कोड) सबस्क्राइब करतात आणि ऑनपॉजमध्ये (स्क्रीन मागे गेली की चालणारा) काहीच नाही. स्क्रीनवर परत आलं की नवा ऑब्झर्व्हर, म्हणजे अपडेट ऐकणारा, मग एका अपडेटला पाच-पाच टोस्ट (स्क्रीनवर झळकणारे छोटे संदेश). घ्या! आणि ऑनएरर, म्हणजे एरर आली तर काय करायचं तो कोड? छे, तो लिहिणं कमीपणाचं. एरर आली की आरएक्सजावा अख्खं अँड्रॉइड ॲप आडवं करतं, तेव्हा साहेब शांतपणे म्हणतात, 'माझ्या फोनवर तर चालतंय.'