झाकण कुठे आहे?

रेकॉर्ड वाजत असताना टर्नटेबलचे झाकण लावलेले असावे, उघडे असावे की मुळातच काढून ठेवलेले असावे, या प्रश्नावर जगभरातील श्रोते फार गंभीरपणे भांडतात. परंतु त्या भांडणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या डोक्यावर कौले असावीत, असा माझा संशय आहे. ज्यांच्या खोलीला गिलावा केलेले सपाट छत आहे, त्यांच्याकडे धूळ खिडकीने येते. देवगडजवळच्या आमच्या घरात ती वरून येते आणि एकटी येत नाही. वाशांतली वाळवीची माती, कोळिष्टके, उंदरांनी कुरतडलेल्या सुंभाचे तुकडे आणि पावसाच्या तोंडावर दिव्याभोवती जमणारी पाखरे असा सगळा लवाजमा तिच्याबरोबर उतरतो. खिडकीचाही मान राहावा म्हणून रस्त्यावरून जाणारा चिऱ्याचा प्रत्येक ट्रक थोडी लाल माती माजघरापर्यंत पोहोचती करतो.

आता एलपीच्या, म्हणजे मोठ्या रेकॉर्डच्या, एका बाजूवरची खोबण उलगडून सरळ केली, तर ती सुमारे चारशे मीटर भरते. एवढ्या वाटेवरून हिऱ्याचे एक सूक्ष्म टोक दोन ग्रॅमच्या आसपास भार घेऊन चालत असते आणि वाटेत जे काही भेटेल, त्याचा आवाज करणे एवढेच त्याला ठाऊक असते. सूर कोणता आणि वाळवीची माती कोणती, हा भेद ते करत नाही. विलंबित ख्यालात गायकाने क्षणभर श्वास घ्यावा आणि तेवढ्या अवकाशात आमच्या वाशाने टक् करून आपले मत नोंदवावे, असे नेहमी घडते.

तेव्हा झाकण लावून ऐकावे, हे मला उघड सत्य वाटत होते. पुण्याच्या भावोजींना ते वाटत नव्हते. त्यांच्या मते स्पीकरमधून निघालेला खर्जातला आवाज हवेतून झाकणाच्या रुंद पाठीवर आदळतो, झाकण थरथरते, ती थरथर बिजागऱ्यांतून खाली उतरून सुईपर्यंत पोहोचते, आणि सुई बिचारी तिलाही गाणे समजून पुन्हा स्पीकरकडे पाठवते. हे त्यांनी सप्रयोग दाखवले. तबकडी बंद ठेवून तिच्यावर सुई टेकवली, आवाज वाढवला आणि झाकणावर टिचकी मारली; स्पीकरमधून कोणीतरी दार ठोठावल्यासारखा आवाज आला आणि काकू खरोखरच दार उघडायला गेल्या. अर्धे उघडे झाकण तर सर्वांत वाईट, कारण ते शिडासारखे आवाज धरते, असेही त्यांनी सांगितले. त्यात तथ्य आहे हे मला मान्य करावे लागते. फक्त आमच्या झाकणाला अर्धे उघडे राहण्याची सोयच नाही, कारण खाऱ्या हवेने बिजागऱ्यांच्या स्प्रिंगा कधीच गंजून गेल्या आहेत आणि ते वर उचलले की स्वतःच्या मर्जीने खाली येते. रेकॉर्ड चालू असताना ते आले, तर सुई अंतऱ्यातून थेट पुढच्या गाण्यात पडते.

भावोजींच्या आदेशावरून मी झाकण काढून ठेवले आणि त्याच संध्याकाळी तबकडीवर पाल पडली. पंचांगात पल्लीपतनाची फळे अवयवांनुसार दिलेली असतात: डोक्यावर पडली तर काय, खांद्यावर पडली तर काय. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीवर पडली तर काय, याविषयी पंचांगकर्ते मौन बाळगतात. ती दोन-तीन प्रदक्षिणा घालून भिंतीवर गेली, हे मी पाहिले. शेपूट मागे ठेवून गेली, हे काकूंनी पाहिले.

पावसाळ्यात हा वाद आपोआप मिटतो. आमच्या किनाऱ्याला वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि त्यातला बराचसा आमच्या पडवीच्या पत्र्यावर पडतो असे वाटते. अशा वेळी झाकणाची थरथर ऐकू येण्यासाठी आधी गाणे ऐकू यावे लागते. मात्र झाकण सतत लावून ठेवावे, तर आतल्या, रेकॉर्डखालच्या नमद्याच्या चकतीला बुरशीचा वास येऊ लागतो.

मी भावोजींना एकदा व्हॉयेजर या अमेरिकी अंतराळयानांचा दाखला दिला. १९७७ साली त्या दोन यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या अंतराळात गेल्या, आणि त्यांच्यावर आमच्या शेजारच्या गोव्यातील केरीच्या गायिका केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. जिथे कोट्यवधी मैलांत एकही कौलारू घर नाही, तिथेसुद्धा त्या शास्त्रज्ञांनी तबकडीवर अॅल्युमिनियमचे झाकण घातले. यावर भावोजी म्हणाले, "अहो, पण तिथे ती वाजत कुठे असते?" पुणेकरांशी वाद घालू नये.

शेवटी मीच एक मधला मार्ग काढला: झाकण वेगळे काढून कपाटावर ठेवायचे, ऐकून झाले की लगेच घालायचे. तो एप्रिलपर्यंत उत्तम चालला. मग फणस पिकले. काकूंना फणसपोळीच्या ताटल्यांवर कावळे बसू नयेत, पण ऊन मात्र पडावे, असे काहीतरी हवे होते, आणि दोन ताटल्या बरोबर मावतील अशी एक पारदर्शक वस्तू कपाटावर रिकामी पडली होती. वारा खेळावा म्हणून त्यांनी तिच्या चारही कोपऱ्यांखाली करवंट्या लावल्या. थरथर अडवण्याची इतकी पक्की व्यवस्था मी आमच्या टर्नटेबलखालीही केलेली नाही.

तेव्हापासून रेकॉर्ड लावायची म्हणजे आधी खळ्यात जावे लागते. झाकणाला आतून फणसाचा चिकट थर आहे, त्यामागोमाग मुंग्या टर्नटेबलपर्यंत येतात, आणि धुतल्यावर राहिलेल्या चऱ्यांवरून हात फिरवत मी काकूंना झाकण कधी मिळेल, असे विचारतो.

"पोळी उलटायची आहे अजून," त्या म्हणतात. "गाणं काय पळून जातंय? आणि त्याच्यावर घालायला माझं रोवळीवरचं फडकं ने की."