कपडे उन्हाने नाही, वाऱ्याने वाळतात

गरम हवेचा ड्रायर घेणाऱ्यांचं ठरलेलं कारण म्हणजे "ऊनच येत नाही हो आमच्याकडे." मला हे कारण लंगडं वाटतं. वाळवण्याचं खरं काम वारा करतो. ओल्या कापडालगतची हवा बाष्पाने भरून जाते आणि ती जागची हलली नाही, तर भर उन्हातही जीन्सची कंबर ओली ती ओलीच. उलट ढगाळ पण वाहत्या हवेच्या दिवशी सगळं घडी घालण्याजोगं होतं. घरातच दोरी असेल तर खिडकी उघडी ठेवा आणि पंखा लावा. बंद खोलीत मात्र नको, कपड्यांना कुबट वास येतो आणि भिंतींना बुरशी.

आता विजेचं बघा. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण 0.65 युनिट विजेइतकी उष्णता लागते. धुतलेल्या कपड्यांत दोन-तीन लिटर पाणी सहज उरतं. हीट पंपवाले ड्रायर तीच उष्णता फिरवून वापरतात, म्हणून त्यांना बरीच कमी वीज लागते, हे मान्य. पण तेच पाणी मशीनच्या जोरदार स्पिनने काढायला त्याहून कितीतरी कमी वीज पुरते. म्हणून स्पिन चांगला होऊ द्या, उरलेलं दोरीवर सोडा.

दोरीवर घालायचीही एक रीत असते. आधी जोरात झटकायचं, निम्म्या सुरकुत्या तिथेच जातात. जीन्स उलटी करून खिसे बाहेर काढायचे. शर्टाला चिमटा खालच्या काठाला, खांद्याला लावलात तर तिथे टोकं येतात. चादर एका दोरीवर दुमडण्यापेक्षा दोन दोऱ्यांवर पसरली की मधून हवा खेळते. काळे आणि गडद कपडे सावलीत, नाहीतर रंग उडालाच म्हणून समजा.

टॉवेल दोरीवर कडक होतात, ही तक्रार खरी आहे. (मला तसेच आवडतात, अंग नीट पुसलं जातं.) पण ड्रायरच्या जाळीवर जमणारा तो राखाडी मऊ थर कधी हातात घेऊन बघा. ते तुमच्याच कपड्यांचे झडलेले धागे असतात.

ज्यांचे खांदे दुखतात, ज्यांना परागकणांची ॲलर्जी आहे, त्यांनी खुशाल ड्रायर वापरावा. माझा राग आहे तो "दिसायला वाईट दिसतं" म्हणून दोरीवर बंदी घालणाऱ्यांवर. अमेरिकेत कित्येक वसाहतींच्या नियमांत अशी मनाई असते. फ्लोरिडासारख्या राज्यांनी शेवटी दोरी बांधायची मुभा कायद्यातच लिहून टाकली. वाळत घातलेली चादर डोळ्यांना खुपते आणि त्याच भिंतीवरची एसीची गळकी खोकी चालतात, हा कुठला न्याय?