‘सगळेच स्वार्थी’ म्हटल्यानं कोण सुटतं?

गाझाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: या भांडणात नीती-बिती काही नाही, जो तो स्वार्थ बघतो, खुद्द अरब देशांनीच पॅलेस्टिनींना वाऱ्यावर सोडलं, बळी तो कान पिळी, हाच जगाचा कायदा, आणि कारगिलच्या वेळी इस्रायल आपल्या कामी आला, तेव्हा भारतानं बाकीच्या चौकशा करू नयेत.

अरब देशांबद्दलचा मुद्दा खरा आहे. मजकूर लिहिणाऱ्याला वाटतं त्याहूनही खरा. १९४८ च्या युद्धानंतर गाझा इजिप्तच्या ताब्यात गेलं. वेस्ट बँक तर जॉर्डननं १९५० मध्ये आपल्या राज्याला जोडूनच टाकली. इस्रायलशी झालेल्या १९७९ च्या तहानं इजिप्तला सिनाईचा प्रदेश परत मिळाला, पॅलेस्टिनींना स्वायत्ततेच्या वाटाघाटींचं आश्वासन. २०२० मध्ये मोरोक्कोनं इस्रायलशी संबंध जोडले आणि त्याच सौद्यात पश्चिम सहारावरच्या आपल्या दाव्याला अमेरिकेची मान्यता पदरात पाडून घेतली. ठीक. यातून अरब राजवटींचं ढोंग उघडं पडतं. पण वेस्ट बँकेतल्या शेतकऱ्याची जमीन इस्रायली वसाहतीसाठी घेणं रास्त कसं ठरतं? चुलत्यानं फसवलं म्हणून शेजाऱ्यानं बांध कोरला, तर गावात कोणी त्याला न्याय म्हणत नाही.

आता ‘नीती-बिती काही नाही’. सप्टेंबर १९६७. सहा दिवसांचं युद्ध संपून तीन महिने झाले होते. त्यात जिंकलेल्या वेस्ट बँकेसारख्या प्रदेशात इस्रायलींना वस्ती करता येईल का, यावर इस्रायलच्या परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार थिओडोर मेरॉन यांनी गुप्त टिपण दिलं: नागरी वस्ती चौथ्या जिनिव्हा कराराच्या, म्हणजे युद्धकाळात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, स्पष्ट तरतुदींविरुद्ध आहे. हे मेरॉन लहानपणी नाझींच्या श्रमछावणीत राहिलेले. वस्ती करायचीच असेल तर ती लष्करामार्फत व्हावी, नागरिकांमार्फत नव्हे, असंही त्यात होतं. त्याच महिन्याच्या अखेरीस वेस्ट बँकेतल्या क्फार एत्सिऑनला वस्ती झाली आणि जगाला सांगताना तिला लष्करी ठाणं म्हटलं गेलं. नीतिनियमांना काडीची किंमत नसती, तर हा बुरखा घ्यायची गरजच काय होती? चोरीचा माल झाकणाऱ्याला चोरी म्हणजे काय हे पक्कं ठाऊक असतं.

बळी तो कान पिळी? मग ७ ऑक्टोबर २०२३ चं काय? हमासनं त्या दिवशी सुमारे १,२०० माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यात म्हातारे आणि लेकरंही होती. मजकूर फिरवणारेच त्यावर संतापतात आणि बरोबरच संतापतात. पण त्यांच्याच नियमानं चाललं, तर त्या सकाळी हमासचा जोर चालला, एवढंच म्हणून गप्प बसावं लागेल. पॅलेस्टिनी भूमीवर इस्रायलचा ताबा आहे म्हणून हमासचं सगळं माफ, असं म्हणणाऱ्यांचीही हीच गल्लत. कारण सांगणं वेगळं, समर्थन करणं वेगळं. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्यांना सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांत हेच मेरॉन होते. त्या गटानं हमासचे नेते आणि नेतान्याहू, दोघांविरुद्धच्या वॉरंटच्या मागणीला दुजोरा दिला.

राहिलं कारगिल. इस्रायलनं अडचणीच्या वेळी शस्त्रसामग्री दिली, हे विसरू नये. मात्र तो व्यवहार होता, त्यात त्यांचंही हित होतं. भारतानंही इथं निव्वळ तत्त्व बघितलं नाही: १९५० मध्ये इस्रायलला मान्यता दिली, पण पूर्ण राजनैतिक संबंधांना १९९२ उजाडलं, कारण आखातातलं तेल आणि तिथली आपली माणसंही बघायची होती. हित बघायला ना नाही. पण शस्त्रांच्या पावतीवर ‘प्रश्न विचारू नयेत’ असं कलम नसतं.

खुद्द इस्रायलींनी ते कधी मानलं नाही. १९८२ मध्ये बैरुतच्या साब्रा आणि शातिला या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांत लेबनॉनच्या फलांजिस्टांनी, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती सशस्त्र गटानं, कत्तल केली. छावण्यांना वेढा होता इस्रायली सैन्याचा. तेल अवीवमध्ये प्रचंड जमाव रस्त्यावर आला, पंतप्रधान बेगिन यांच्या सरकारला चौकशीसाठी काहान आयोग नेमावा लागला आणि त्याच्या अहवालानंतर एरियल शेरॉन यांना संरक्षण खातं सोडावं लागलं.