गुर्दा, बर्फ आणि बेसिन

सकाळी साडेसहाला मटणाच्या दुकानात बर्फाचा थर्मास कवटाळून उभी असते ती मी. आमच्या घरी अंडंसुद्धा बाल्कनीत जाऊन खातात. पण माझ्या पीएचडीला बोकडाचे ताजे गुर्दे लागतात, त्याला कोण काय करणार?

"ताई, एवढे गुर्दे नेता, सुक्कं करता की काय?" चाचांनी एकदा विचारलंच.

"नाही हो. त्याच्या पेशींवरचं पटल वेगळं काढते."

"आणि बाकीचं?"

"फेकते."

चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, की दहावीच्या निकालाला आईनंही तसं पाहिलं नव्हतं.

बाहेर मे महिना रटरटत असतो आणि मी ४ अंशांच्या शीतखोलीत कानटोपी घालून बसलेली. गुर्द्याचा बाहेरचा थर कातरायचा आणि मॅनिटॉलच्या गार द्रावणात टेफ्लॉनच्या दांड्यानं घुसळायचा. (आजीनं पाट्यावर अर्ध्या वेळात केलं असतं, वर कोथिंबीरही घातली असती.) मग मॅग्नेशियम क्लोराइड घालून १५ मिनिटं बर्फात. मॅग्नेशियममुळे नको असलेली पटलं गुठळ्या धरतात. आपल्याला हवी ती, गुर्द्यातल्या सूक्ष्म नलिकेच्या आतल्या अंगाची ब्रश बॉर्डर (पटलाची ब्रशच्या केसांसारखी झालर), मोकळी तरंगत राहते.

मग सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या गरगरा फिरवून जड ते तळाशी बसवणारं यंत्र. समोरासमोरच्या नळ्यांचं वजन तंतोतंत सारखं हवं, नाहीतर ते धूड हादरायला लागतं. मी इतक्या काळजीनं सोनंही तोललेलं नाही.

पहिल्या फेरीत, ३,००० जीला (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ३,००० पट जोरानं), कचरा तळाशी बसतो आणि माल वरच्या पाण्यात राहतो. दुसऱ्या फेरीत, ३०,००० जीला, माल तळाशी आणि पाणी फेकायचं. म्हणजे एकदा वरचं ठेवायचं, एकदा खालचं. हे मी वहीत तीनदा लिहिलं होतं, लाल शाईनं.

संध्याकाळी अल्कलाइन फॉस्फेटेज तपासलं. हे ब्रश बॉर्डरवर भरपूर असणारं एन्झाइम. ब्रश बॉर्डर शुद्ध निघाली, तर मिलिग्रॅम प्रथिनामागे हे एन्झाइम मूळ लगद्याच्या दहापट तरी भरावं. तपासणीत एन्झाइम जितकं जास्त तितका पिवळा रंग गडद, म्हणजे नळी पिवळीधमक व्हायला हवी. माझी नळी लगद्यापेक्षाही फिकी. लिंबू सरबतात लिंबू पिळायचं राहून जावं तशी.

सरांनी नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पहिल्या फेरीनंतरचं वरचं पाणी कुठाय?"

मी बेसिनकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला चाचांनी न विचारताच गुर्दे बांधले. "ताई, आज दोन जास्त टाकलेत. फेकायला."