आपल्या गावाचा सांस्कृतिक विकास कसा करावा : फुकटचा सल्ला

तुम्ही नुकतेच निवडून आला असाल, किंवा निवडून आलेल्यांच्या मागेपुढे फिरत असाल, किंवा नगरपालिकेत बदलून आलेले साहेब असाल आणि कुणीतरी तुमच्या टेबलावर 'सांस्कृतिक आराखडा' असं लिहिलेली फाईल टाकली असेल, तर अजिबात टेन्शन घेऊ नका. पाण्याची लाईन फुटली की बायका हंडे घेऊन दारात येतात, नाटक बंद पडलं तर कोण येतंय? कायदाही तुमच्याच बाजूचा आहे. महापालिका असाल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आवश्यक कामं आणि कलम 66 मध्ये ऐच्छिक कामं, आणि नाटकबिटक कुठल्या यादीतलं ते सांगायला नको.

सुरुवात बिल्डिंगपासून करा. भूमिपूजन करता येतं, कोनशिला बसवता येते, थ्रीडी चित्रात समोर कारंजी आणि काचेची भिंत दाखवता येते. फक्त एक काळजी घ्या, आयुष्यात कधी विंगेत उभा राहिलेला माणूस त्या मीटिंगला येता कामा नये. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर बांधताना पु. ल. देशपांड्यांसारख्या नाटकवाल्याला विचारून कामं झाली, 1968 सालची जुनी पद्धत ती, तुम्ही नका तसलं काही करू. नाटकवाला आला की विचारत बसतो, नेपथ्याचा टेम्पो मागे लागणार का, विंगेत जागा किती, मेकअप रूममध्ये बेसिन आहे का, लेडीज टॉयलेटला कडी आहे का. असल्या फालतू गोष्टींनी रेंडरिंगची मजा जाते. आमच्याकडे ग्रीन रूम पहिल्या मजल्यावर आणि जिना असा अरुंद, की नऊवारी नेसलेली बाई आणि चहावाला समोरासमोर आले तर एकाला परत वर जावं लागतं.

समितीत कलाकार नको. ते प्रश्न विचारतात.

देखभालीला पैसे ठेवू नका. एसी बंद पडला की दार उघडायचं, डास आले की दार लावायचं. वायरिंगचं तर नावच काढू नका. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांच्या काळातलं, 1915 चं, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शंभर वर्षांहून जुनी वास्तू एका रात्रीत गेली, त्या रंगमंचावर आयुष्य काढलेली म्हातारी माणसं लहान पोरासारखी रडली. त्यानंतर आमच्या हॉलमध्ये काय झालं माहितीये? आगीच्या लाल सिलेंडरवर नवीन तारखेचं स्टिकर चिकटलं. सिलेंडर तोच.

रंगभूमी दिन मात्र जोरात साजरा करा. 5 नोव्हेंबर लक्षात ठेवा, 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं म्हणून तो दिवस. बॅनरवर भाव्यांचा फोटो स्टँप साईज, तुमचा फुल साईज, हात जोडलेला.

आता मुख्य मुद्दा, तारखा. हा नीट शिका, कारण सगळी सत्ता इथेच आहे. तारीख द्यायची, डिपॉझिट घ्यायचं, शिक्का मारलेली पावती द्यायची आणि मग पोरांना पळू द्यायचं. आमच्या हौशी ग्रुपचंच घ्या. कुणी बँकेत, कुणी दुकानात, एक जण एसटीत कंडक्टर, दिवसभर ड्युट्या करून रात्री एका शाळेच्या वर्गात बाकं सरकवून तालीम, तीही वॉचमनला चहापाण्याचे देऊन, कारण एवढ्या मोठ्या सांस्कृतिक संकुलात तालमीला खोलीच नाही (पार्किंग आहे, दोन मजली). मग संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे पाठवा, सर्टिफिकेट आणा, पोलीस परवानगीला चकरा मारा, लाईटवाल्याला बाहेरगावी अ‍ॅडव्हान्स पाठवा, नेपथ्य अंगणात रंगवा, दारोदार फिरून तिकिटं खपवा. आणि हे सगळं झालं की प्रयोगाच्या आठवड्यात ऑफिसातून फोन, 'तुमची तारीख काढून घेतलीय, साहेबांचा सत्कार आहे.' का म्हणून विचारलं तर फॉर्मच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरातली अट वाचून दाखवायची, प्रशासनास कोणतेही कारण न देता वगैरे वगैरे. वर शहाणपण, 'पुढं ढकला की, नाटकच आहे ते.' नाटकच आहे ते! लग्न असतं तर म्हणाला असतात का, लग्नच आहे ते? त्या सत्काराला मी मुद्दाम जाऊन बसलो. पुढच्या तीन रांगा शालींसाठी राखीव, मागे अर्धा हॉल रिकामा, सूत्रसंचालक टाळ्या वाजवा टाळ्या वाजवा म्हणून विनवतोय, आणि बॅनर ताणायला स्टेजच्या लाकडात चक्क खिळे ठोकलेले. आम्ही साधा स्क्रू मारायचा म्हटला तरी डिपॉझिट कापतात हे. आणि डिपॉझिट अजून मिळालेलं नाही, फाईल लेखा विभागात आहे, लेखा विभागवाले रजेवर आहेत.

महोत्सव भरवा, मुंबईची सेलिब्रिटी आणा, गावातल्या गायकाला स्वागतगीत द्या, मानधन नारळ.

एवढं सगळं केलंत तरी एक भीती राहतेच, लोक तुमच्याशिवाय करतील. तिकडे झाडीपट्टीत बघा, गडचिरोली-चंद्रपूरकडे, दिवाळी झाली की मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या निमित्तानं गावोगाव नाटकं लागतात, वडसा गावात नाटक कंपन्यांची ऑफिसं, शेतात मंडप ठोकतात, तिकीट लावतात आणि रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं, थंडीत घोंगड्या घेऊन माणसं बसतात. कुठलं आलंय काचेचं नाट्यगृह तिथं! कुणी आराखडा केला होता त्यांचा?

बास झालं, सल्ले बंद. सरळ बोलतो. लाज वाटत नाही का तुम्हाला? आमच्याच घरपट्टीतून बांधलेला हॉल आम्हालाच उपकार केल्यासारखा देता आणि वर तोही काढून घेता? ती पोरं रात्री बारापर्यंत जागून काहीतरी करू बघतायत, दारू पीत चौकात बसलेली नाहीत, आणि तुम्ही त्यांना ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर ताटकळत ठेवता, साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून. आम्हाला कारंजं नको, महोत्सव नको, तुमचं भाषण तर नकोच नको. तालमीला एक खोली द्या, पंखा चालणारी. तारीख दिली की ती पाळा. नाहीच पाळली तर डिपॉझिट आणि आमचा झालेला खर्च त्याच आठवड्यात परत करा. आणि सत्कारच करायचे असतील तर बायपासला मंगल कार्यालयं ओस पडलीत, स्वतःच्या खिशातून भाडं भरा आणि तिकडे घाला एकमेकांना शाली.