कोल्सन, होगन आणि तुमचं ते एक वाक्य

सुपरहिरोंच्या सिनेमांत दुय्यम पात्रं कशी मरतात, यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया दिलीत. ती वाचून दोन दिवस गप्प बसलो. रागाच्या भरात काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. ते सगळीकडे जमेलच असं नाही.

लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. माझं म्हणणं असं होतं की या सिनेमांत सोबतची माणसं मरतात ती नायकाला चेव यावा म्हणून, आणि तो एकदा आला की त्यांचं नावसुद्धा कुणी घेत नाही. त्यावर तुमचं म्हणणं: थॉर या सुपरहिरोचा मित्र होगन, त्याच्याबद्दल मी चुकीचं लिहिलं, अडीच तासांत प्रत्येकाचा शोक करत बसायला वेळ नसतो, आणि कॉमिक्स न वाचलेल्यांनी या वाटेला जाऊ नये. शेवटी हे वाक्य: "ज्याने घरातलं माणूस जाताना पाहिलेलं नाही, त्यालाच पडद्यावर रडारड हवी असते."

होगनचं मान्य. 'थॉर: रॅग्नारॉक'मध्ये (२०१७) खलनायिका हेला थॉरच्या तिन्ही मित्रांना एका दमात संपवते, असं मी लिहिलं होतं. तसं होत नाही. व्होल्स्टॅग आणि फँड्रल ती आल्या आल्या जातात. होगन मात्र सैन्य घेऊन तिच्यासमोर उभा राहतो, शरण ये म्हणून बजावतो, आणि सगळे पडल्यावरही उठतो, तेव्हा कुठे मारला जातो. चूक माझीच आहे. कॉमिक्सचं म्हणाल तर वाचली आहेत. स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिला १९७३ मध्ये मारलं तो अंकही वाचलाय. त्यावर इथे वाद नको.

आता ते वाक्य.

तुम्ही मला ओळखत नाही. माझ्या घरात कोण गेलं आणि कोण आहे, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. मग कशाच्या जोरावर लिहिलंत? सिनेमावर मतभेद असू शकतात, माझ्या लिखाणाला टुकार म्हणा, तेही ऐकून घेईन. पण समोरच्याने माणूस गमावलंय की नाही, हे परस्पर ठरवून त्याचा दाखला द्यायचा, ही कुठली रीत? तोंडावर बोलला असतात का हे?

माझा मोठा भाऊ गेला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. त्याच्या मनगटी घड्याळात पावणेसहाचा गजर लावलेला होता. ते घड्याळ कुणीतरी कपाटाच्या खणात ठेवलं आणि रोज पहाटे ते तिथून वाजायचं. आई जागी असायची, बाबा जागे असायचे, मीही जागा. कुणी उठून तो बंद केला नाही. आठेक महिन्यांनी सेल संपला आणि एका सकाळी घड्याळ वाजलंच नाही. त्या दिवशी बाबा मोडलेलं कुलूप दुरुस्त करायला बसले. ते जमेना, तेव्हा त्यांनी ते भिंतीवर फेकून मारलं. रडारड म्हणतात तसं आमच्या घरात काही झालंच नाही. पण दादाचं नाव घ्यायचं लोकांनी बंद केलं. येणारे सगळे प्रेमाचे, काळजी करणारे, आणि प्रत्येक जण त्याचा विषय टाळणारा. मला जे टोचलं ते हे होतं.

म्हणून 'रॅग्नारॉक'मध्ये थॉर घरी परततो आणि त्या तिघांबद्दल एका शब्दाने विचारत नाही, तेव्हा माझ्या पोटात तुटतं. तुम्ही 'इन्फिनिटी वॉर'मधल्या (२०१८) साथीदार रॉकेटबरोबरच्या त्या प्रसंगाचा दाखला दिलात. मलाही तो आवडतो. थॉर हसत हसत गेलेली माणसं मोजतो आणि त्याचा डोळा भरून येतो. पण परत एकदा नीट बघा. भाऊ, बहीण, आई, वडील, एक जिवलग मित्र. त्या मोजदादीत व्होल्स्टॅग नाही, फँड्रल नाही, होगनही नाही. दोन सिनेमे त्याच्या खांद्याला खांदा लावून लढलेले लोक होते ते.

आणि एजंट कोल्सन? 'द ॲव्हेंजर्स'मध्ये (२०१२) तो मारला जातो, तेव्हा त्याचा वरिष्ठ फ्युरी नायकांसमोर कोल्सनने जमवलेली कॅप्टन अमेरिकाची कार्डं रक्ताने माखलेली अशी टेबलावर टाकतो. नंतर फ्युरीची सहकारी हिल त्याला म्हणते, ही तर कोल्सनच्या लॉकरमध्ये होती. म्हणजे रक्त नंतर लावलेलं. फ्युरीचं उत्तर असं की या सगळ्यांना एक धक्का हवाच होता. मी लेखभर जे सांगत होतो, ते सिनेमा स्वतःच्या तोंडाने कबूल करतोय. कोल्सन पुढे टीव्ही मालिकेत जिवंत झाला, हे तुम्ही मला अज्ञानी ठरवण्यासाठी लिहिलंत. अहो, त्याने माझाच मुद्दा पक्का होतो. ज्यांनी त्याच्यासाठी शस्त्र उचललं, त्यांना तो परत आल्याचं एकाही सिनेमात कुणी सांगत नाही.

वेळ नसतो म्हणता, तर 'एंडगेम'मधलं (२०१९) तळ्याकाठचं दृश्य आठवा. नायकांच्या चमूतली नताशा गेली आहे, प्रेत नाही, अंत्ययात्रा नाही. धक्क्यावर तिचे पाच साथीदार उभे, सगळे पुरुष. टोनी विचारतो, तिचं कुणी होतं का? थॉर ऐकूनच घेत नाही, तिला परत आणता येईल म्हणून हटून बसतो. बॅनर बाकडं उचलतो आणि पाण्यापार भिरकावून देतो. दोन-तीन मिनिटांचा मामला आहे. टोनीच्या अंत्यविधीला सगळे जमतात आणि तिच्यासाठी एवढंच, ही तक्रार माझीही आहे. पण ते बाकडं जेव्हा उडतं, तेव्हा मला दरवेळी भिंतीवर आपटलेलं ते कुलूप दिसतं. मी मागतोय ते एवढंच. याला तुम्ही रडारड म्हणत असाल, तर तुम्ही माझा लेख वाचलेलाच नाही.

यापुढे सिनेमाबद्दल कितीही कडक लिहा, मी उत्तर देईन. माझ्या घरातल्या माणसांबद्दल अंदाज बांधलेत, तर प्रतिक्रिया काढून टाकीन.

होगनबद्दलचं वाक्य मूळ लेखात आज दुरुस्त केलं आहे.